वाळवंटात मुक्काम: थारबद्दल तुमचे प्रश्न

दिवाळी झाली की जैसलमेरच्या ट्रिपबद्दल पत्रं यायला लागतात. या वेळी त्यातली चार घेतली आहेत.

आम्ही चौघं मित्र जानेवारीत जैसलमेरला चाललोय. राजमाची, भंडारदरा इथे टेंट लावून राहायची सवय आहे. तर आपलाच टेंट न्यावा का सम गावच्या कॅम्पमध्ये बुकिंग करावं? आणि थंडी खरंच एवढी असते का? (पुणे)

थंडीचं आधी सांगते कारण लोक तिथेच फसतात. दुपारी तुम्ही टीशर्टवर फिराल आणि रात्री पारा 5 अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. हवा कोरडी, वर ढग नाहीत, त्यामुळे वाळूने दिवसभर घेतलेली उष्णता सूर्य मावळला की भराभर निघून जाते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सह्याद्रीत वापरायची ती पातळ स्लीपिंग बॅग नेली होती आणि रात्री तीनला उठून अंगात होते नव्हते ते सगळे कपडे चढवले. अंगावर काय घेताय त्याच्याइतकंच खाली काय अंथरताय ते महत्त्वाचं आहे, कारण थंडी वाळूतून वर येते. चांगली जाड मॅट घ्या, कानटोपी आणि सुके मोजे फक्त झोपायसाठी वेगळे ठेवा.

आता टेंट. सम जैसलमेरपासून साधारण 40 किमी, तिथे कॅम्पची रांगच आहे, नाचगाणी, स्पीकर, जीप, सगळं. कुटुंबाबरोबर एक संध्याकाळ म्हणून ठीक आहे पण तुम्ही राजमाचीवाले आहात, तुम्हाला शांतता हवी असणार, तर माझं मत स्पष्ट आहे, खुरीच्या बाजूला जा. गावात एखाद्या घरी उतरा, उंटवाल्या भाऊंबरोबर टेकड्यांवर जा आणि रात्री तिथेच झोपा. टेंटची गरजही पडत नाही, खाट नाहीतर गाद्या असतात, वर आभाळ. अमावस्येच्या आसपासची तारीख मिळाली तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

तरी टेंट न्यायचाच असेल तर नेहमीच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, वारा आला की सरळ उपसून येतात. त्याऐवजी रिकाम्या कापडी पिशव्या न्या, त्यात वाळू भरायची, दोरी पिशवीला बांधायची आणि पिशवी हातभर खोल आडवी पुरायची, मग हलत नाही. टेंट टेकडीच्या माथ्यावर नको (वारा) आणि अगदी खळग्यात पण नको कारण थंड हवा खाली साठते, वाऱ्याच्या आडोशाला मधल्या उतारावर लावा. आणि सम-खुरीच्या आसपासचा बराच भाग डेझर्ट नॅशनल पार्कात येतो, शिवाय पुढे सीमा आहे, त्यामुळे मनाला येईल तिथे गाडी थांबवून टेंट ठोकायचा नाही, गावातल्या माणसाला विचारूनच.

एक विनंती. शेकोटीसाठी झाडाला हात लावू नका. तिथे खेजडी म्हणतात ती आपली शमी, गणपतीला वाहतो ती, दसऱ्याला पूजतो ती. जोधपूरजवळ खेजडली गावात 1730 साली ही झाडं वाचवायला अमृतादेवींसह 363 बिष्णोई माणसांनी जीव दिला. तुम्ही जेवणात सांगरीची भाजी खाल ना, ती याच झाडाच्या शेंगांची.

मुलांना सुट्टी मे महिन्यातच असते. तेव्हा गेलं तर चालेल का? (नाशिक)

नको. पारा 45च्या वर जातो, धुळीची वादळं येतात आणि बरेच कॅम्प बंदच असतात. ऑक्टोबर शेवट ते मार्च सुरुवात, त्यातही नोव्हेंबर आणि फेब्रुवारी मुलांसाठी सगळ्यात सोपे.

सासूबाई 68 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण वाळवंट बघायची त्यांची फार इच्छा आहे. मुलगी 7 वर्षांची. उंटावर बसवू का? आणि टॉयलेटचं काय करायचं, विचारायला लाज वाटते पण विचारतेय. (कोल्हापूर)

लाज कसली ताई, हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. सासूबाईंना जरूर न्या, पण उंटावर नको. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो त्यामुळे बसणारा एकदम पुढे फेकल्यासारखा होतो, बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो म्हणजे परत पुढे झोक. दोन्ही वेळेला मागे रेलायचं असतं, ते कंबर-गुडघे दुखणाऱ्याला जमत नाही. त्यांच्यासाठी ऊंटगाडी सांगा, सपाट फळीवर गादी टाकून आरामात बसता येतं. मुलीला मोठ्या माणसाच्या पुढ्यात बसवा.

टॉयलेटसाठी पक्की सोय असलेला कॅम्प किंवा गावातलं घर घ्या, बुक करताना कमोड आहे का आणि रात्री तिथपर्यंत दिवा आहे का हे दोन्ही विचारा. उघड्यावर झोपणार असाल तर छोटं फावडं, कागद आणि पॅडसाठी बंद होणारी पिशवी, आणि ती पिशवी परत आणायची. कोरड्या वाळूत काही लवकर कुजत नाही, आणि वारा पुरलेलं उघडं पाडतो. पाणी माणशी रोजचं 4 लिटर धरा, थंडीत तहान लागत नाही म्हणून म्हातारी माणसं पितच नाहीत, त्यांना आठवण करत राहा. आणि हो, फुरसं तिथेही असतं, विंचूही. अंधारात अनवाणी फिरायचं नाही, टॉर्च हवाच, सकाळी बूट झटकून मगच घालायचे.

नान्नजला लहानपणी माळढोक पक्षी पाहिला होता. आता तिथे दिसणं फार कठीण झालंय. जैसलमेरला दिसेल का? (सोलापूर)

काका, तुमचं पत्र वाचून गलबलून आलं. दिसू शकतो. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे तो. डेझर्ट नॅशनल पार्कात सुदासरीचा भाग त्यासाठी ओळखला जातो, आणि 2019 पासून सम इथे प्रजनन केंद्र चालू आहे, तिथे पिल्लंही वाढवली जातायत. पण मादी बहुतेक वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि समोरचं नीट दिसत नसल्यामुळे हे जड पक्षी विजेच्या तारांना आपटून मरतात. म्हणूनच मला ती गवतातून जीप उडवायची हौस बघवत नाही, सेवण गवत आहे ते, त्यातच याचं घर.

वनखात्याची परवानगी काढून, गावातला गाईड घेऊन पहाटे जा. दुर्बीण न्या. दिसला तर गाडीतून उतरू नका, इंजिन बंद करा आणि तो स्वतःहून निघून जाईपर्यंत बसून राहा.