वाचकांचे प्रश्न : मेरियन अँडरसन यांना ऑपेराचा रंगमंच इतक्या उशिरा का मिळाला?

प्रश्न : मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो आणि काही वर्षांपासून ख्यालगायन शिकत आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रमुख भूमिकेत गाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका मेरियन अँडरसन होत, आणि तेव्हा त्यांचे वय ५७ होते, असे वाचले. इतका उशीर का झाला? आणि एवढ्या उशिरा मिळालेल्या संधीला महत्त्व का दिले जाते?

उत्तर : उशीर त्यांच्या तयारीमुळे झाला नाही, हे आधी सांगायला हवे. १८९७ साली फिलाडेल्फियात जन्मलेल्या मेरियन लहानपणापासून चर्चच्या गायनवृंदात गात असत. वडील लवकर गेले आणि शिकवणीला पैसे उरले नाहीत, तेव्हा चर्चमधल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. शहरातील एका संगीत विद्यालयाने मात्र केवळ वर्ण पाहून त्यांना प्रवेश नाकारला. १९२५ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची स्पर्धा जिंकूनही मायदेशी कामे बेताचीच मिळत राहिली, म्हणून त्यांनी युरोप गाठला. तेथे फिनलंडचे संगीतकार सिबेलियस यांनी त्यांना मनापासून दाद दिली आणि १९३५ साली साल्झबर्गमध्ये वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी यांनी, असा आवाज शंभर वर्षांतून एकदाच ऐकायला मिळतो, असे उद्गार काढले. तो आवाज काँट्राल्टो, म्हणजे स्त्रीकंठातील सर्वांत खालच्या पट्टीचा होता. गायनपद्धती अगदी वेगळी असली, तरी गंगूबाई हनगल यांचा भरदार स्वर ज्यांच्या कानांत आहे, त्यांना त्या वजनाची थोडी कल्पना येईल.

एवढी कीर्ती घेऊन परतल्यावरही १९३९ साली वॉशिंग्टनमधील कॉन्स्टिट्यूशन हॉल त्यांना मिळाला नाही, कारण त्या सभागृहाची मालकी असलेल्या ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ या संस्थेने नकार दिला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेचा राजीनामा दिला आणि ९ एप्रिल रोजी, ईस्टरच्या दिवशी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर मेरियन सुमारे ७५,००० श्रोत्यांसमोर गायल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात लोक पाऊल टाकत नव्हते, तेव्हा शाहू महाराज स्वतः तेथे सर्वांदेखत चहा पिऊ लागले, ही गोष्ट कोल्हापूरकरांना सांगायला नको. अधिकारपदावरील व्यक्तीने उघडपणे बाजू घेतली, की बहिष्काराचे बळ कसे ओसरते, हे आपल्या गावाने पाहिलेले आहे.

मेट्रोपॉलिटनचे दार उघडायला त्यानंतरही सोळा वर्षे लागली. तेथील व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांनी आमंत्रण दिल्यावर ७ जानेवारी १९५५ रोजी मेरियन व्हेर्दीच्या ‘उन बाल्लो इन मास्केरा’ या ऑपेरात उल्रिका या भविष्यवेत्तीच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. बोस्टनमध्ये घडणाऱ्या संहितेत ही स्त्री कृष्णवर्णीयच आहे, आणि तरीही त्या रंगमंचावर तोवर ती भूमिका श्वेतवर्णीय गायिकाच करत आल्या होत्या! आवाजाचा ऐन बहर तेव्हा सरला होता, हे मान्य करायला हवे; मेट्रोपॉलिटनमध्ये त्यांनी दुसरी भूमिकाही केली नाही. त्यांचे खरे कर्तृत्व मैफलींतले, शूबर्ट आणि ब्राम्स यांच्या गीतांतले आणि ‘स्पिरिच्युअल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांतले आहे. माझ्या मते त्यांची ऑपेराची ऐन उमेदीची वर्षे हिरावली गेली आणि त्याची भरपाई त्या एका रात्रीने झाली नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच महिन्यात सापडते. २७ जानेवारी रोजी रॉबर्ट मॅकफेरिन हे कृष्णवर्णीय गायक त्याच रंगमंचावर ‘आयडा’ या ऑपेरात गायले, आणि १९६१ साली कृष्णवर्णीय गायिका लिओन्टिन प्राइस तेथे आल्या, त्या ऐन तिशीत, आवाज पूर्ण बहरात असताना.

तुम्ही ख्याल शिकत आहात, म्हणून एक सुचवतो. लिंकन स्मारकावरील गायनाचे चित्रीकरण उपलब्ध आहे; ते पाहताना शब्दांकडे न जाता खालच्या स्वरांवर त्या किती शांतपणे स्थिर राहतात, एवढेच ऐकावे.