करार १२ हजारांचा, पण बेसिकमध्ये किती?

प्रश्न: आमची चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. जुना वेतन करार संपून सात महिने झाले, आता तीन वर्षांसाठी १२ हजार वाढ यावर बोलणी आलीयेत. कमिटी खूश आहे. मॅनेजमेंट म्हणते, नवीन सही होईपर्यंत जुन्या करारातलं काही लागू नाही. हे खरंय का? आणि १२ हजार चांगले का?
– एक कामगार

उत्तर: आधी १२ हजारांचं बघू, कारण खरा घोळ तिथंच होतो. असा आकडा बऱ्याचदा सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या एकूण खर्चाचा असतो, कंपनी भरते तो पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, कधीकधी कँटीन-बससुद्धा त्यातच धरलेली, आणि वर टप्पे. तीन वर्षांना ६०-२०-२० टक्के ठरलं तर पहिल्या वर्षी ७,२०० च, पूर्ण १२ हजार तिसऱ्या वर्षी. म्हणून गेट मीटिंगला एकच विचारा, यातले बेसिक-डीएमध्ये (मूळ पगार आणि महागाई भत्त्यात) किती? ग्रॅच्युइटी त्याच्यावरच निघते, सर्व्हिसच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. म्हणजे २० वर्षं सर्व्हिस झालेल्याला बेसिकमध्ये ४ हजार वाढले तर साधारण ४६ हजार जादा, ८ हजार वाढले तर ९२ हजार. तेच पैसे घरभाडं, वॉशिंग, अटेंडन्स अशा भत्त्यांत टाकले की हा फायदा गेला. नव्या लेबर कोडमध्ये भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग पगारात धरतात, तेवढा आधार आहे, पण निम्म्यापर्यंत कंपनीला मोकळीकच.

उत्पादनवाढीचं कलम तर शब्द न् शब्द वाचा. कंपनी वाढीव उत्पादन मागणारच, त्यात गैर काही नाही, पण कुठल्या मशिनवर किती नग, टाइम स्टडीला (एका नगाला किती वेळ लागतो ते मोजताना) युनियनचा माणूस असणार का, माल आला नाही किंवा मशिन बंद पडलं तर तो वेळ कुणाच्या नावावर, हे लिहिलेलं पाहिजे. 'कामगार सहकार्य करतील' एवढंच मोघम वाक्य असेल तर सही नको म्हणून सांगा, पुढची तीन वर्षं त्याच वाक्यावर मेमो निघतील.

मॅनेजमेंटचं म्हणणं चुकीचंय. मुदत संपली म्हणून करार संपत नाही, कुणी एकाने लेखी नोटीस दिल्यावर ६० दिवस होईपर्यंत तो दोघांनाही बांधील असतो. मागणीपत्रासोबत युनियननेच तशी नोटीस दिली होती का ते विचारा. दिली असली तरी सेवाशर्ती बदलायच्या तर कंपनीला वेगळी नोटीस द्यावी लागते. आणि गेल्या सात महिन्यांच्या वाढीचा फरक हवा असेल तर नवा करार कुठल्या तारखेपासून लागू ती तारीख आणि फरक कधी देणार ते करारातच घालून घ्या, तोंडी नको.