आधी खाडीचा चिखल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या खडकाळ पठारावरच्या, त्या तीन बोटांच्या खळग्याचा फोटो पाहिला. ते डायनोसॉरचं पाऊल नाही. आपला जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसात कुजलेली काळवत्री, आणि काळवत्री म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. मऊ जागा झिजून निघून गेली की जांभ्यात असे खळगे पडतात आणि गावोगाव त्यांना भीमाचं पाऊल म्हणतात. मुंबईत वरळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले खरे, पण तेही डायनोसॉर संपल्यानंतरचे. तेव्हा कोकणात हे पाऊल शोधत उन्हात फिरू नकोस.

पण डायनोसॉरच्या पावलांच्या अभ्यासाला तू चुकीच्या गावी जन्मलीस असं जे लिहिलं आहेस, ते मला मुळीच पटलं नाही.

चुनखडकातली पावलं कुठे आहेत ते बघ. टेक्सासमध्ये पॅलक्सी नदीच्या पात्रात, स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरात, इंग्लंडात ऑक्सफर्डशायरच्या खाणीत. त्या खाणीत 2024 साली सुमारे 200 पावलं उघडी केली, 16 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची, आणि त्यातली एक वाट 150 मीटरहून लांब आहे. या जागा त्या काळी उथळ, उबदार समुद्राच्या काठी होत्या. ओहोटीला चुन्याचा बारीक चिखल उघडा पडायचा, त्यावरून जनावर जायचं, मग ऊन लागायचं. वर जिवाणूंचा नि शेवाळाचा पातळ पापुद्रा धरायचा, चुना बांधला जायचा आणि पुढच्या पाण्याबरोबर नवा गाळ येऊन ठसा झाकला जायचा. आपल्या खाडीचा चिखल काळा आहे, त्यात चुना कमी, म्हणून तो तसा लवकर दगडावणार नाही. बाकी सगळा खेळ तुझ्या घरामागे रोज दोनदा चालतो.

थंडीत तुतवार आणि चिखल्या खाडीवर उतरतात, बगळे तर बारमाही. पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज, त्यामुळे पुढे तीन बोटांचं पाऊल तुला आयतं मिळतं; बगळ्याचं चौथं बोट तेवढं मागे उमटतं. 1836 साली अमेरिकेत भूशास्त्रज्ञ एडवर्ड हिचकॉक यांनी अशाच तीन बोटांच्या दगडी ठशांचं वर्णन केलं आणि ते प्रचंड पक्ष्यांचे आहेत असं मानलं. लोक त्यांना हसतात, मला मात्र ते फारसे चुकले असं वाटत नाही.

सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की एकच बगळा हेर आणि त्याच्या पावलांची वाट पाण्यापासून खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधापर्यंत तपास. पाण्याजवळ चिखल पातळ असतो. पाय निघताच भिंती मिटतात, बोटांच्या जागी नुसत्या चिरा राहतात. थोडं वर, जिथे चिखल घट्ट आहे, तिथे बोटांच्या गाद्या आणि नखंसुद्धा दिसतील. त्याहून वर फक्त नखांचे टोचे. पाय एक, ठसे तीन तऱ्हेचे. हे तिन्ही दगडात सापडले असते तर कुणी तीन प्राणी मोजले असते. म्हणूनच ठशांना प्राण्याचं नाव देत नाहीत, त्यांची नावं वेगळी असतात. जैसलमेरच्या थयात डोंगरावर 2014 साली मिळालेल्या ठशांना युब्रॉन्टिस आणि ग्रॅलेटर म्हणतात. ती ठशांची नावं, जनावरांची नव्हेत.

मग पातळ सुरीने एक ठसा उभा काप. गोधडीवर बोट दाबलं की खालच्या घड्याही दबतात, तसे खालचे थर वाकलेले दिसतील. खडकात पुष्कळदा वरचा थर झिजून गेलेला असतो आणि आपण पाहतो ते हे खालचं दबणं. कडा गोल, नखं गायब. त्यावरून पावलाची लांबी मोजायला गेलीस तर फसशील.

एकट्या ठशावर विश्वास ठेवू नकोस, पूर्ण वाट बघ. पॅलक्सीत माणसाची पावलं डायनोसॉरच्या शेजारी आहेत अशी आवई वर्षानुवर्षं चालली. त्यातले बरेच लांबट ठसे टाच टेकवून चाललेल्या मांसाहारी डायनोसॉरचे, बोटांच्या खाचा चिखलाने बुजलेल्या. आणि 1930च्या मंदीत काहींनी चक्क कोरून विकलेही.

आता भांग आणि उधाण. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती. हे तुला पुस्तकातून कळणार नाही, होडीवाल्या काकांना विचार. उधाणाचं पाणी खाजणाच्या वरच्या अंगापर्यंत जातं, मग भांगात ते तिथवर पोचतच नाही. मधल्या दिवसांत तिथला चिखल सुकतो, तडकतो, त्यावर शेवाळाची साय धरते. उधाण ओसरताच तिथल्या ठशांजवळ काठ्या रोव आणि पुढच्या उधाणापर्यंत रोज बघ. कुठला ठसा टिकला, कुठला पुसला, का, ते लिहून ठेव. जुरातल्या काही थरांत शेवाळाच्या अशाच सायींच्या खुणा आहेत. हा एक पंधरवडा नीट केलास तर ते थर तुला परके वाटणार नाहीत.

वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवांच्या वाटा बघायच्या तर कासवमित्रांबरोबरच जा, रात्री बॅटरी लावून नव्हे.

फोटो पट्टी ठेवून काढ, सकाळच्या तिरप्या उन्हात, एका फोटोतला थोडा भाग पुढच्या फोटोतही येईल असे भरपूर. अमेरिकेतले जीवाश्म गोळा करणारे रोलंड बर्ड यांनी पॅलक्सीतली डायनोसॉरच्या पावलांची वाट कापून न्यूयॉर्कला आणि ऑस्टिनला नेली, मधला काही भाग हरवला. पण 1940 साली काढलेले फोटो शिल्लक होते, म्हणून 2014 साली त्यांवरून ती वाट संगणकावर पुन्हा उभी करता आली.

शेवटी पळण्याचं गणित. पावलाची लांबी चौपट केली की कमरेची उंची अंदाजे मिळते. ती आणि एकाच पायाच्या दोन ठशांमधलं अंतर घेऊन वेग काढायचं सूत्र ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर यांनी 1976 साली दिलं. पाऊल 30 सेंटीमीटर आणि अंतर 2.4 मीटर असेल तर वेग ताशी 10 किलोमीटरच्या आसपास येतो. धाकट्या भावाला पुळणीवर पळव, एकदा कडक ओल्या वाळूत, एकदा घोट्यापर्यंतच्या चिखलात. घड्याळाचा वेग आणि सूत्राचा वेग शेजारी लिही. दोन्ही आकडे किती जुळतात ते कळव, जैसलमेरच्या तिकिटाचं बोलणं त्यानंतर करू.

तुझा,
सर