आईला बाक आला, मलाही येईल का?

पाळी गेलेल्या स्त्रिया समुपदेशनाला येतात, तेव्हा हाडांविषयीची काळजी बहुधा आईच्या आठवणीतून सुरू होते. साताऱ्याकडील एका गावातून आलेल्या 52 वर्षांच्या ताईंचेही तसेच होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्यांच्या आईच्या पाठीला बाक आला होता आणि पुढे घरातच पडून खुब्याचे हाड मोडले होते. "मॅडम, माझंही असंच होणार का?" असे विचारतानाच त्यांनी रक्ताचा अहवाल पुढे केला. त्यात कॅल्शियम योग्य असल्याने हाडे मजबूत आहेत, अशी घरच्यांनी त्यांची समजूत घातली होती.

ही समजूत मला फार घातक वाटते. रक्तातील कॅल्शियमची पातळी शरीर काटेकोरपणे राखते आणि कमी पडेल तेवढे हाडांतून काढून घेते. म्हणून हाडे विरळ होत असतानाही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

आईचा अस्थिभंग हा धोका होताच. परंतु वयाच्या 39व्या वर्षी गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोषही काढल्याचे ताईंनी ओघात, जणू त्याचा हाडांशी संबंधच नाही अशा स्वरात सांगितले. हाडांची झीज आटोक्यात ठेवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्यामुळे नैसर्गिक वयाच्या कितीतरी आधी आणि एकाएकी घटले होते. शिवाय संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, अवघे 41 किलो वजन आणि रोजची मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड). यांपैकी काहीच दुखत नाही, त्यामुळे कोणी विचारल्याशिवाय ते सांगितलेही जात नाही.

हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी सर्वसाधारणपणे 65व्या वर्षी सुचवली जाते. असे धोके असल्यास ती आधीच करावी लागते. ताईंच्या कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेत हाडांची घनता दाखवणारा आकडा, उणे 2.7 आला. तो उणे 2.5 किंवा त्याहून खाली आल्यास अस्थिविरलता (ऑस्टिओपोरोसिस) मानतात. डॉक्टरांनी औषध सुरू केले. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नका, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा बजावले. दिवसाला सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे म्हणून दूध, ताक, नाचणीची भाकरी हे त्यांनी लगेच मान्य केले. मिश्री मात्र सुटायला वेळ लागतो आहे. दुपारची आणि रात्रीची थांबली आहे, सकाळच्या मिश्रीबद्दल आमचे बोलणे अजून चालू आहे.