ब्रिकी आणि इब्रिक: शब्द एक, भांडी दोन

ग्रीक कॉफीचं भांडं ‘ब्रिकी’ हा मूळ ग्रीक शब्द आहे का, तुर्की ‘इब्रिक’ म्हणजे तेच का, आणि विकत घेताना माप कोणतं घ्यावं, असं विचारलं आहे.

शब्द ग्रीक नाही, फारसी आहे. ‘आब’ म्हणजे पाणी (संस्कृत ‘अप्’चा भाऊबंद, आपल्या ‘पंजाब’, ‘गुलाब’मध्येही हाच) आणि ‘रेझ’ म्हणजे ओतणारं. अरबीत त्याचं ‘इब्रीक’ झालं. कुराणाच्या ५६व्या सूरेत त्याचं अनेकवचन ‘अबारीक’ आहे, म्हणजे शब्द चांगलाच जुना. अरबीतून तुर्कीत ‘इब्रिक’ आणि तिथून ग्रीकमध्ये आला. ग्रीकांनी सुरुवातीचा ‘इ’ गाळला आणि शेवटी नपुंसकलिंगी ‘ई’ जोडली. ग्रीकमध्ये लिहिताना सुरुवातीला ‘मी-पी’ (म आणि प) ही अक्षरांची जोडी दिसते म्हणून ‘म्प्रिकी’ वाचू नका. ग्रीक ‘बीटा’ या अक्षराचा उच्चार आता ‘व’ झाल्यामुळे ‘ब’ या जोडीनेच लिहितात.

भांडं मात्र बदललं. तुर्कीत इब्रिक म्हणजे तोटीची पाण्याची झारी. कॉफीच्या लांब दांड्याच्या भांड्याला ते ‘जेझवे’ म्हणतात, तो शब्द निखाऱ्याच्या अरबी शब्दावरून आलाय. इंग्रजी दुकानदार जेझवेलाच इब्रिक म्हणून विकतात, घोळ तिथला. शब्दकोशात ब्रिकीचा ‘दोन डोलकाठ्यांचं जहाज’ असाही अर्थ सापडेल. तो ‘ब्रिग’वरून, त्याचा कॉफीशी संबंध नाही. ‘आम्ही काय ब्रिकी झाळत (डाग देऊन जोडत) बसतो?’ हा ग्रीक वाक्प्रचार मात्र याच भांड्याचा. आपल्या कामाच्या जाणकारीवर कोणी शंका घेतली की म्हणतात.

आता माप. ब्रिकी कपांच्या हिशेबाने मिळते, आणि जितके कप करायचे तितक्याचीच घ्यावी. चार कपांच्या ब्रिकीत एक कप केला तर पाणी गळ्यापर्यंत पोचत नाही, आणि वरचा फेस, म्हणजे ‘काइमाकी’, पसरून विरतो. गळा अरुंद असतो तो फेस धरायलाच. पाणी कॉफीच्या छोट्या कपानेच मोजा, कपाला एक शिगोशीग चमचा अगदी बारीक कॉफी. साखर हवी तर आत्ताच. मंद आच, फेस चढून काठाशी आला की उकळी फुटायच्या आत उतरवा. उकळली की फेस गेला.

तांब्याची घेतलीत तर आतली कल्हई बघून घ्या, आणि रिकामी आचेवर ठेवू नका. कल्हईचं कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं.