पाटा वाढवण्याआधी

भाऊ, इंदूरच्या चोइथराम मंडईत कांद्याची पोती भरली की तुझी पिकअप मागून बसते, म्हणून तू मागच्या स्प्रिंगमध्ये एक पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, वाढवायला निघालास. आधी गाडीखाली वाकून बघ. पाट्यांची कमान सरळ झालीय का, शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या कडीचे, बुश झिजलेत का? माझ्या गाडीचा दुसरा पाटा, सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी चिरला होता. गंजाची लाल रेघ दिसली म्हणून कळलं, नाहीतर त्यावरच नवा चढवला असता.

घालायचाच तर दोन्ही बाजूंना सारखा घाल. पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घे, जुने ताणलेले असतात. चार-पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा कसून घे.

आता खरी काळजीची गोष्ट. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चासी (गाडीचा सांगाडा) किती खाली बसली त्यावरून तो वजन ओळखतो. पाटा वाढला की चासी वरच राहते, व्हॉल्व्हला गाडी हलकी वाटते आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. मानपूरचा घाट उतरताना हे जिवावर बेतेल रे! व्हॉल्व्ह सेट करून घेतल्याशिवाय माल भरूच नकोस.

पाट्याने आरसीवरची वजनाची मर्यादा वाढत नाही. अ‍ॅक्सल, टायर तेच राहतात. आणि रिकामी गाडी खड्ड्यात जास्त उडेल, तेव्हा सावकाश चालव.