चेकर्समध्ये मारावंच लागतं, ॲप चीटिंग करत नाहीये

ताई, तुम्ही लिहिलंय की लेकीसोबत मोबाईलवर चेकर्स, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरचा सोंगट्यांचा खेळ, शिकताय, पण ॲप मधेच तुमची चाल घेतच नाही, भलतीच सोंगटी हलवायला लावतं, आणि लेक म्हणते हे चीटिंग आहे. चीटिंग नाही हो! समोरच्या सोंगटीवरून तिरकी उडी घेऊन ती मारता येत असेल तर मारावीच लागते, नियमच आहे तसा. दोन ठिकाणी मारता येत असेल तर कुठली ते आपण ठरवायचं, पण एकदा उडी घेतली की त्या सोंगटीला पुढे मिळतील तेवढ्या उड्या पूर्ण करायच्या. मात्र साधी सोंगटी पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचून किंग झाली, म्हणजे मागेही चालू शकणारी झाली, की चाल तिथंच संपते.

मला विचाराल तर सगळी मजा या सक्तीतच आहे, कारण ती समोरच्यालाही लागू असते ना, म्हणजे आपण एक सोंगटी देऊन त्याला हवं तिथं ओढून आणू शकतो.

आठवडाभर मोबाईल बाजूला ठेवा. बुद्धिबळाचा पट घ्या, कॅरमच्या सोंगट्या 9-9 असतात आणि इथं 12-12 लागतात, तर उरलेल्या 3-3 ला दोन रंगांची बटणं घ्या, पट लहान असेल तर सगळीच बटणं. किंगवर एक रुपयाचं नाणं ठेवा.

आता हे मांडून बघा. पांढरे तुमच्याकडे, डाव्या हाताचं कोपऱ्यातलं घर काळं. फक्त काळ्या घरांना वरून डावीकडून उजवीकडे ओळीने 1 ते 32 नंबर द्या. पांढऱ्या 19, 22, 24, 25, 28 वर, काळ्या 10 आणि 11 वर, बाकी पट रिकामा. तुम्ही 19 वरची 15 वर न्या, म्हणजे सरळ त्याच्या तोंडात! 11 वाल्याने मारली तर तो 18 वर येतो आणि तुमची 22 वाली तो आणि 10 वाला असे दोन्ही मारते. 10 वाल्याने मारली तर तो 19 वर येतो, मग 24 वाली दोघांना घेते. लेकीला आधी काही सांगू नका, तिलाच शोधू द्या, सापडल्यावर तिचा चेहरा बघा.

कडेच्या घरांत सोंगट्या लपवायची सवय बहुतेक नवशिक्यांना असते, ती मोडा, मधली घरं धरा. मागच्या ओळीतल्या 30 आणि 32 वरच्या मात्र लवकर हलवू नका, त्या असल्या की समोरच्याला किंग करणं जड जातं.

पहिली चाल करणारा, म्हणजे गडद रंगवाला, जिंकतोच का असंही विचारलंय तुम्ही. नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या चिनूक या चेकर्स खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामवाल्यांनी 2007 मध्ये सिद्ध केलं की दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे लेक हरली तर कुठंतरी चूक झालीय, आणि ती मागे जाऊन शोधता येते, हे तिला नक्की सांगा.

आणि हो, ॲपमध्ये किंग एका चालीत लांबवर धावत असेल तर ते रशियन किंवा तसेच दुसरे नियम आहेत, सेटिंगमध्ये अमेरिकन किंवा इंग्लिश निवडा, तिथं किंग तिरका एकेकच घर सरकतो, पण मागेपुढे दोन्हीकडे.